ट्युनर नवा, गिअरबॉक्स कंपनीचाच: डिझेल पिकअपचा दम जपून कसा वाढवायचा

डिझेल पिकअपला ट्युनर, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण, लावला की इंजिन खूश, मालकही खूश. गिअरबॉक्सला मात्र कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. मागे ट्रेलर, कोलोरॅडोत आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे जाणारा ७ टक्क्यांचा चढ, आणि ट्युनरचा बॉक्स सगळ्यात वरच्या लेव्हलवर. आरपीएमचा काटा हळूच दोनशेने वर सरकला, वेग होता तेवढाच राहिला. वाटलं, गिअर एक खाली पडला असेल. पडला नव्हता. घरी येऊन डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसली, तर डाग लाल नाही, चहाच्या चोथ्याच्या रंगाचा, आणि वास जळक्या ब्रेकसारखा. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाचा जोर ऑईलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, त्यातला दोघांना थेट घट्ट बांधणारा लॉकअप क्लच गेला होता. इंजिनाला ओरखडासुद्धा नव्हता.

चूक माझीच होती. ती नेमकी कुठे झाली हे कळायला मला बराच वेळ लागला, म्हणून आधी तेच सांगतो. पायऱ्या नंतर.

गिअरबॉक्सला जे सांगाल तेच खरं वाटतं

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये पातळ चकत्यांचे क्लच असतात. ऑईलचा दाब त्या चकत्या एकमेकींवर आवळून धरतो. हा दाब म्हणजे लाइन प्रेशर. दाब कमी पडला की चकत्या घसरतात, घसरल्या की तापतात, तापल्या की त्यांच्यावरचं अस्तर जळतं.

आता दाब किती ठेवायचा हे कोण ठरवतं? बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कळवतो की सध्या एवढा टॉर्क देतोय, आणि त्या आकड्यावरून दाब ठरतो. गिअरबॉक्स स्वतः टॉर्क मोजत नाही. इंजिन जे म्हणेल त्यावर त्याचा आंधळा विश्वास.

माझा बॉक्स होता वायरिंगच्या मधे बसणारा. असे बॉक्स फ्युएल रेलच्या (इंजेक्टरना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या) सेन्सरकडून येणारा सिग्नल मधल्यामधे कमी करून पुढे पाठवतात. इंजिनाच्या कॉम्प्युटरला वाटतं दाब कमी पडतोय, तो वाढवतो, जास्त डिझेल आत जातं, गाडी पळते. पण कॉम्प्युटरच्या हिशेबात डिझेल जुन्या मापानेच गेलेलं असतं. म्हणून तो गिअरबॉक्सला जुनाच टॉर्क कळवतो, आणि गिअरबॉक्स क्लच जुन्याच दाबाने धरून बसतो. म्हणजे वजन वाढलं, मूठ मात्र तेवढीच.

गिअरबॉक्सकडे बघून इंजिनाला आवर घालायचा, हे कंपन्यांनाही चुकलेलं नाही. १९९६ ते १९९८ च्या डॉज रॅममध्ये १२ व्हॉल्व्हचं तेच ५.९ लिटर कमिन्स इंजिन मॅन्युअलबरोबर २१५ हॉर्सपॉवरचं आणि ऑटोमॅटिकबरोबर १८० चं मिळायचं. २००१ च्या फोर्ड ७.३ पॉवर स्ट्रोकला मॅन्युअलबरोबर २७५ होते, ऑटोमॅटिकबरोबर २५०. आपण ट्युनर लावतो तेव्हा कंपनीने जाणूनबुजून घातलेला तोच लगाम सोडतो.

आधी आपला गिअरबॉक्स ओळखा

नुसतं "ऑटोमॅटिक आहे" एवढं पुरत नाही.

जुन्या रॅममधले ४७आरई आणि २००३ पासूनचा ४८आरई हे सगळ्यात जपून हाताळायचे. त्यांचं लाइन प्रेशर टॉर्कच्या आकड्यावर चालत नाही. ते बहुधा थ्रॉटलला जोडलेल्या टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलवरून ठरतं. अर्धं पेडल दाबलं की केबल अर्धीच ओढली जाते, मग इंजिन त्या अर्ध्या पेडलवर पूर्वीपेक्षा कितीही जास्त ओढत असो. केबल किंचित घट्ट केली तर दाब थोडा वाढतो आणि गिअर उशिरा पडतात. फुकटात होणारी ही सुधारणा आहे, पण सर्व्हिस मॅन्युअलमधलं माप समोर ठेवूनच करा. लॉकअप क्लच आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, हे यांचे हळवे कोपरे.

२००७ च्या मध्यानंतर ६.७ कमिन्सबरोबर आलेला ६८आरएफई पूर्ण इलेक्ट्रॉनिक आहे. त्यालाही ओव्हरड्राइव्हचे क्लच आधी त्रास देतात.

फोर्डच्या ७.३ बरोबर १९९८ पर्यंत ई४ओडी आणि १९९९ पासून ४आर१०० आला. इथे एक सोय आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही एकच कॉम्प्युटर चालवतो, त्यामुळे चांगला ट्युनर एकाच चिपमध्ये डिझेलही वाढवतो आणि दाब, शिफ्ट, लॉकअपही त्याला साजेसे करतो. नंतरचा ५आर११० आणि २०११ पासूनचा ६आर१४० अंगाने दणकट आहेत.

शेव्हरोले-जीएमसीच्या ड्युरामॅक्स इंजिनाबरोबरचा ॲलिसन १००० तर त्याच्या शिस्तीसाठीच ओळखला जातो. २००१ पासून पाच गिअर, २००६ पासून सहा. वेगवेगळ्या शाफ्टचे वेग तो सतत ताडून बघतो आणि घसरण दिसली की लिंप मोडमध्ये जातो. गिअर अडकवून ठेवतो, दिवा लावतो. लोक वैतागतात. मी म्हणतो, निदान ओरडून सांगतो तरी. ४७आरई न बोलता जळतो.

मॅन्युअलवाल्यांनी निर्धास्त राहू नये. गिअर टिकतात, पण कंपनीचा क्लच घसरतो.

हॉर्सपॉवर नव्हे, टॉर्क मोजा

ट्युनरच्या खोक्यावर "अधिक ६०" असं लिहिलेलं असतं. त्यावरून गिअरबॉक्सवर किती बोजा पडेल ते कळत नाही. पाउंड-फूटमधला टॉर्क काढायचा तर हॉर्सपॉवरला ५२५२ ने गुणून आरपीएमने भागायचं. जास्तीचे ६० हॉर्सपॉवर २८०० आरपीएमला आले तर टॉर्क साधारण ११३ पाउंड-फूट वाढतो. तेच ६०, १६०० आरपीएमला आले तर १९७. आकडा एक, पण गिअरबॉक्सवरचा भार पावणेदोनपट.

म्हणून खालच्या आरपीएमला पाठीत धक्का देणारी ट्यून कंपनीच्या गिअरबॉक्सला सगळ्यात महाग पडते. पेडलवर पाय ठेवताच गाडी उडी मारते याचं कौतुक होतं, पण मला तीच खूण वाईट वाटते. हळूहळू फुगत जाणारी, २००० च्या पुढे भरणारी ट्यून शोधा. बहुतेक ट्युनरमध्ये तिला टो किंवा इकॉनॉमी म्हणतात. कंपनीच्या ऑटोमॅटिकवर, रोजच्या वापरात आणि ओढकामात, मी ४० ते ६० हॉर्सपॉवरच्या पुढे जात नाही. ४७आरईवर ४० लाही बिचकतो.

ट्युनर लावायच्या आधीचे दोन आठवडे

आधी गाडी आहे तशी मोजून घ्या. ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटला) लागणारं साधं रीडर चालेल, फक्त त्यावर गिअरबॉक्सचं ऑईल तापमान, इंजिन आरपीएम, लॉकअपचा आदेश आणि जमलं तर लॉकअप स्लिप दिसली पाहिजे. रिकामी गाडी, भरलेली गाडी, चढ, गर्दी, सगळ्याचे आकडे वहीत लिहा. ट्युनरनंतर "हे आधीपासून असंच होतं का?" हा प्रश्न पडतोच, आणि तेव्हा ही वही कामाला येते.

मग ऑईल. गिअरबॉक्सखालचा ऑईलचा पॅन उघडा, त्यातलं चुंबक बघा. राखाडी, मऊ, चिखलासारखा थर सर्वसाधारण आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्यांचे काळे तुकडे सापडले तर ट्युनरचा विषय तिथेच संपला. आधी दुरुस्ती. ॲलिसनला बाहेरून फिरवून बसणारा फिल्टर असतो, त्यातली गोल चुंबकाची चकती पुसून पुन्हा बसवा, कचऱ्यात टाकू नका. ऑईल कंपनीने सांगितलेलंच: रॅमच्या या गाड्यांना एटीएफ+४, ॲलिसनला मॅन्युअलमध्ये दिलेल्या मान्यतेचं. जुन्या रॅमची डिपस्टिक गिअर न्यूट्रलमध्ये ठेवूनच बघायची असते. पार्कमध्ये बघितलीत तर पातळी चुकीची दिसेल. याचं कारण पुढे येतं.

टायर आणि ॲक्सल रेशो (चाक एकदा फिरायला ड्राइव्हशाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) याकडे फार कमी लोक बघतात. साडेतीस इंची टायर काढून ३५ इंची घातलेत तर ३.७३ चा ॲक्सल जवळपास ३.२५ सारखा वागतो. इंजिन नेहमी खालच्या आरपीएमला, म्हणजे नेमकं जिथे टॉर्क जास्त तिथे राबतं. मोठे टायर आणि ट्युनर एकदम नकोत. टायर बदललेच असतील तर ट्युनरमध्ये त्यांचं माप भरा, नाहीतर शिफ्ट चुकीच्या वेगाला पडतील.

कूलर मोठा घ्यायचा असेल तर ट्युनरच्या आधी घ्या. ट्रेलर ओढणाऱ्यासाठी तो पैसा कधी वाया जात नाही.

कोणता ट्युनर

माझा कल उघड आहे. मधे बसणाऱ्या बॉक्सपेक्षा कॉम्प्युटरमधलं कॅलिब्रेशन बदलणारी फ्लॅश ट्यून घ्या. नीट बनवलेल्या फ्लॅशमध्ये टॉर्कचा आकडाही सुधारलेला असतो, आणि गिअरबॉक्सला खरं काय ते कळतं. घेण्याआधी ट्यून करणाऱ्याला तीन गोष्टी सरळ विचारा. टॉर्कचे टेबल बदलले का? गिअरबॉक्सची ट्यून सोबत आहे का? शिफ्टच्या वेळी डिझेल कमी करणारं टॉर्क मॅनेजमेंट चालू ठेवलंय का? तिसऱ्याचं उत्तर "बंद केलंय, शिफ्ट एकदम कडक लागते" असं आलं तर नमस्कार करून निघा. एक क्लच सुटून दुसरा धरत असतो त्या क्षणी इंजिन मोकाट सोडायचं, हे मजबूत बांधलेल्या गिअरबॉक्सचं काम. कंपनीच्या नव्हे.

कायद्याचंही ऐका. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टनुसार डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी यंत्रणा) किंवा धूर स्वच्छ करणारी युरियाची यंत्रणा निकामी करणारी उपकरणं विकणं आणि बसवणं बेकायदा आहे. ईपीए या अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०२० च्या अहवालात आधीच्या दशकभरात ५,५०,००० हून जास्त डिझेल पिकअपची उत्सर्जन यंत्रणा काढली गेल्याचा अंदाज दिलाय, म्हणजे सरकार या धंद्याकडे बघत नाही असं समजू नका. कॅलिफोर्नियात तर ट्युनरला सीएआरबीचा (तिथल्या हवा-प्रदूषण मंडळाचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर, म्हणजे मंजुरी क्रमांक, असायला हवा. तो नंबर असलेली उत्पादनं शोधलीत की निवड आपोआप सोपी होते.

वॉरंटीचं म्हणाल तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे नुसता बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी रद्द करता येत नाही. पण ट्यून केलेल्या गाडीचा जळलेला क्लच घेऊन गेलात तर दोन्हींचा संबंध दाखवायला फार डोकं लागत नाही. आणि "स्टॉकवर परत आणलं, आता कुणाला कळतंय" हाही भ्रम. कॉम्प्युटरमध्ये खुणा राहतात.

फ्लॅश करताना

पहिलं काम, कंपनीची मूळ फाइल वाचून जपून ठेवणं. ट्युनरमध्ये राहतेच, शिवाय लॅपटॉपवरही घ्या. दुसरं, वीज. या गाड्यांना दोन बॅटऱ्या असतात आणि त्यातली एक बहुधा अर्धमेली असते. चार्जर लावा, पंखा, रेडिओ, दिवे बंद, दार सारखं उघडझाप नको. फ्लॅश अर्ध्यात तुटला तर गाडी जागची हलत नाही आणि टो ट्रक बोलवावा लागतो. हातातले बरेच ट्युनर एका गाडीच्या व्हीआयएनला (चॅसी नंबरला) बांधले जातात. मूळ फाइल परत घातल्याशिवाय ते सुटत नाहीत, हे जुना ट्युनर विकत घेताना लक्षात ठेवा.

सुरुवात सगळ्यात खालच्या लेव्हलने. वरची लेव्हल कशी आहे ते "एकदा बघूया" म्हणून नको. मीही तेवढंच म्हणालो होतो.

पहिले काही शे मैल

ॲलिसनसारखे गिअरबॉक्स प्रत्येक शिफ्ट कशी लागली ते बघून पुढच्या वेळचा दाब सुधारतात. ट्यून बदलली की त्यांना नव्याने शिकू द्यावं लागतं. रिकामी गाडी, हलका ते मध्यम पाय, प्रत्येक गिअरमधून शांतपणे वर-खाली. पहिल्याच दिवशी ट्रेलर जोडू नका. पूर्ण पेडल तर नकोच.

मग घसरणीची परीक्षा घ्या, हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा. सपाट, मोकळा हायवे. वरचा गिअर, लॉकअप लागलेला. लॉकअप असताना इंजिन आणि चाकं एकमेकांना घट्ट बांधलेली असतात, त्यामुळे आरपीएम किती हवा हे कागदावर काढता येतं: वेग मैलांत, गुणिले ॲक्सल रेशो, गुणिले गिअर रेशो, गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातला व्यास. पाच गिअरच्या ॲलिसनमध्ये वरचा गिअर ०.७१, ॲक्सल ३.७३, टायर साडेतीस इंची, वेग ६५. उत्तर येतं साधारण १९००. टायर थोडे झिजलेले असले तर पाच-पंचवीसचा फरक पडेल, तो सोडून द्या.

आता पेडल हळूहळू अर्ध्यापर्यंत दाबा, गिअर खाली पडू न देता. वेग आणि आरपीएम हातात हात घालून वर गेले पाहिजेत. ६५ ला काटा २०५० किंवा २१०० दाखवू लागला तर आधी रीडरवर लॉकअपचा आदेश बघा. आदेशच सुटला असेल तर कॉम्प्युटरने मुद्दाम कन्व्हर्टर मोकळा केलाय, काळजी नाही. आदेश "चालू" आहे आणि तरी आरपीएम पुढे पळतोय, तर क्लच घसरतोय. पाय उचला. पुन्हा खात्री करायला दुसऱ्यांदा दाबू नका, दरवेळी अस्तराचा थोडा थर जातो. मी त्या चढावर चार वेळा खात्री केली होती.

मॅन्युअलची परीक्षा याहून सोपी. वरच्या गिअरमध्ये १५०० आरपीएमला पेडल दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तिथेच, की क्लच गेला.

परीक्षा पास झाली तरच पुढची लेव्हल, आणि तिथे पुन्हा हेच सगळं. नापास झाली तर एक लेव्हल खाली या आणि तिथेच राहा.

रोजचं चालवणं

सकाळी निघाल्यावर ऑईल कोमट होईपर्यंत जोर नको. चढावर वरचा गिअर धरून इंजिनाला कुथवू नका, आधीच एक गिअर खाली आणा. आरपीएम जास्त म्हणजे गाडीचे हाल असं अनेकांना वाटतं, ट्यून केलेल्या डिझेलमध्ये हिशेब उलटा आहे. ओढताना टो-हॉल मोड (ओझं ओढण्यासाठीची शिफ्टची सेटिंग) चालू. पूर्ण जोरात असताना शिफ्ट पडायची वेळ आली तर पाय किंचित सैल करा, शिफ्ट लागू द्या, मग पुन्हा दाबा. ब्रेक दाबून धरून टर्बो फुगवणं आणि फोर-व्हीलमध्ये सिग्नलवरून उडी मारणं हे कंपनीच्या गिअरबॉक्सवर करायचे खेळ नव्हेत.

तापमानाचं गेज नजरेसमोर हवं. पॅनमधलं ऑईल १६० ते २०० अंश फॅरनहाइट असेल तर मजेत. २२० ला लेव्हल उतरवा आणि वेग कमी करा. २४० ला बाजूला थांबा. सेन्सर कुठे बसलाय तेही माहीत हवं, कारण कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारं ऑईल पॅनपेक्षा कितीतरी जास्त तापलेलं असतं आणि क्षणात चढतं. तिथला २४० आणि पॅनमधला २४० यांत जमीन-अस्मानाचा फरक. ट्युनर ईजीटी (इंजिनातून निघणाऱ्या धुराचं तापमान) दाखवत असेल तर १२५० अंशांच्या वर रेंगाळू देऊ नका. तो आकडा इंजिनासाठी आहे, गिअरबॉक्स त्याआधीच कुरकुरलेला असतो.

थांबल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. १००० ते १२०० आरपीएमवर चालू ठेवा, म्हणजे पंप ऑईल कूलरमधून फिरवत राहील. जुन्या ४७आरई, ४८आरईवाल्यांनी हे पार्कमध्ये केलं तर काही उपयोग नाही. त्यांच्यात पार्कमध्ये कन्व्हर्टर आणि कूलरकडे ऑईल जातच नाही. हँडब्रेक लावा, चाकांना ठोकळे लावा आणि न्यूट्रलमध्ये ठेवा. डिपस्टिक न्यूट्रलमध्ये बघायची तीही याच कारणाने.

थांबायचं कधी

पी०७०० म्हणजे गिअरबॉक्स फक्त "माझ्याकडे बघा" म्हणतोय. त्याच्या सोबतचा कोड महत्त्वाचा. पी०७४१ लॉकअपचा, पी०७३१ ते पी०७३५ त्या त्या गिअरचा रेशो जुळत नसल्याचा. यातला कोणताही आला तर कोड पुसून पुढे जाऊ नका. मूळ फाइल घाला आणि तीच परीक्षा पुन्हा घ्या. मूळ फाइलवरही घसरत असेल तर अस्तर गेलं. ऑईल बदलून ते परत येत नाही, बाटलीतल्या औषधानेही नाही. घसरण थांबली असेल तर तुम्ही वेळेवर जागे झालात. ऑईल-फिल्टर बदला आणि यापुढे खालचीच लेव्हल.

आणि एवढं सगळं करूनही वरची लेव्हल हवीच असेल तर क्रम असा ठेवा. आधी गिअरबॉक्स, मग ट्यून. नुसता तीन चकत्यांचा दणकट कन्व्हर्टर बसवून भागत नाही, लॉकअप धरू लागला की तोच टॉर्क पुढच्या क्लचवर जातो आणि मग ते घसरतात. कन्व्हर्टर, दाब वाढवलेली व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचा दाब वाटणारा भाग) आणि क्लच एकाच वेळी करून घ्या. गिअरबॉक्स खाली उतरवायची मजुरी दोनदा भरण्यात काही शहाणपण नाही. काम झाल्यावर जुनी ट्यून तशीच चढवू नका. लॉकअपचं वेळापत्रक आणि दाबाचे आकडे नव्या भागांप्रमाणे बदलून घ्या, शिकलेलं सगळं पुसून गिअरबॉक्सला पुन्हा पहिल्यापासून शिकू द्या, आणि ६५ मैलांवर १९०० येतात का ते बघा.